पानभर टीपा आणि वर दहा ओळी : आर्डनचा ‘ऑथेल्लो’

एम.ए.च्या परीक्षेसाठी मी शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ वाचला, असे मी आजवर सांगत आलो आहे. खरे म्हणजे त्या वर्षी मी अप्पा बळवंत चौकातून आणलेले एक गाईड वाचले होते आणि मूळ नाटक त्याच्या आधाराने चाळले होते. त्या गाईडाने नायकाचा दोष ‘मत्सर’ या एका शब्दात उरकला होता, खलनायक इयागोला ‘हेतूविना दुष्टावा’ हे इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजचे प्रसिद्ध बिरूद चिकटवले होते आणि नायक काळा आहे या गोष्टीला जेमतेम दीड परिच्छेद दिला होता. एवढ्या शिदोरीवर मला बरे गुणही मिळाले. पुढे सुमारे तीस वर्षांनी, रविवारी सकाळी पाच-सहा जणांनी एकत्र बसून हे नाटक ओळीओळीने वाचायचे ठरवले, तेव्हा या वेळी तरी गाईड नको आणि नुसती संहिताही नको, असा विचार करून मी आर्डन शेक्सपिअर या मालेतील ‘ऑथेल्लो’ची सुधारित आवृत्ती मागवली. चार महिने ती सतत वापरल्यानंतर तिच्याविषयी जे मत झाले, ते येथे नोंदवीत आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. ऑनलाइन विक्रेत्याने सुधारित आवृत्ती म्हणून जी प्रत पाठवली, ती १९९७ची जुनी आवृत्ती निघाली. तक्रार केल्यावर योग्य प्रत आली, मात्र जुनी परत न्यायला कोणीच आले नाही, आणि त्यामुळे एरवी मी कधीच मुद्दाम केली नसती अशी तुलना आपोआप घडली. खरेदी करणाऱ्याने म्हणून पहिली खबरदारी ही घ्यावी, की मुखपृष्ठावर ‘रिवाइज्ड एडिशन’ हे शब्द आणि आयाना थॉम्पसन यांचे नाव आहे की नाही ते पाहावे. १९९७ची आवृत्ती ई. ए. जे. हॉनिगमन यांनी सिद्ध केली होती. २०१६च्या सुधारित आवृत्तीत संहिता, तळटीपा आणि परिशिष्टे हॉनिगमन यांचीच ठेवली आहेत. त्यांची प्रस्तावना मात्र काढून तिच्या जागी थॉम्पसन यांची नवी, सचित्र प्रस्तावना घातली आहे. म्हणजे एकाच बांधणीत दोन पिढ्यांचे दोन अभ्यासक शेजारी राहतात, आणि त्यांचे नेहमी पटतेच असे नाही.

पानाची मांडणी प्रथम पाहणाऱ्याला दडपून टाकते. वर संहिता, तिच्याखाली बारीक टाइपात दोन स्तंभांत अर्थटीपा, आणि अगदी तळाशी पाठभेदांची एक चिंचोळी पट्टी, जिच्यात कोणता शब्द कोणत्या जुन्या छापील प्रतीत कसा आहे याची नोंद असते. काही पानांवर संहितेच्या दहा-बाराच ओळी उरतात आणि बाकीचे पान टीपांनी भरून जाते. आमच्यापैकी एकीने पहिल्याच रविवारी ‘हे नाटक आहे की खटल्याची फाइल?’ असे विचारले, आणि मला त्याचे चटकन उत्तर देता आले नाही. पंधरा दिवसांनी एक रीत बसली. प्रवेश आधी टीपांकडे न पाहता मोठ्याने वाचायचा, मग टीपांसह सावकाश वाचायचा, आणि शेवटी पुन्हा एकदा टीपांविना. ज्याला पहिल्याच वाचनात प्रत्येक टीप पाहण्याची सवय आहे, त्याच्या हाती या पुस्तकात शब्द लागतील, पण नाटक निसटेल.

या टीपांचे खरे मोल आम्हाला तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात कळले. ज्याला आपण मराठीत ‘कान भरणे’ म्हणतो, त्याचा इतका तपशीलवार नमुना मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही. ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो सुरुवातीला स्वतः फारसे काही बोलतच नाही. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ त्याच्या बायकोपासून, डेस्डिमोनापासून, दूर जाताना दिसतो, तेव्हा इयागो ‘हे काही मला बरे दिसत नाही’ एवढेच पुटपुटतो. ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ प्रामाणिक आहे ना, तर हा तोच शब्द प्रश्नासारखा परत करतो, आणि अखेर ऑथेल्लोच चिडून म्हणतो, की तू माझ्याच शब्दांचा प्रतिध्वनी होऊन राहिला आहेस. ‘ऑनेस्ट’ हा शब्द आणि त्याची रूपे या नाटकात पन्नासहून अधिक वेळा येतात. मराठीत आपण त्याला ‘प्रामाणिक’ म्हणून मोकळे होतो. परंतु त्या काळच्या इंग्रजीत तो हाताखालच्या माणसाला वरून दिलेल्या शाबासकीसारखाही वापरला जाई, आणि स्त्रीच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ ‘शीलवान’ असा होई. ज्या एका शब्दाने इयागोची वाहवा होते, त्याच शब्दाने डेस्डिमोनाची झाडाझडती घेतली जाते. मराठीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात, म्हणून अनुवाद वाचणाऱ्याला हा धागा हाती लागणे कठीण आहे. येथे ही आवृत्ती पैसे वसूल करून देते.

याच प्रवेशात पूर्वग्रहाचा प्रवासही दिसतो, आणि माझ्या मते या नाटकाच्या अभ्यासाचा गाभा तोच आहे. पहिल्या अंकात डेस्डिमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ व्हेनिसच्या दरबारात फिर्याद मांडतो, की चेटूक झाल्याखेरीज माझ्या मुलीचा निसर्ग असा वाट चुकणे शक्य नाही. हाच माणूस ऑथेल्लोला वारंवार घरी बोलावीत असे, त्याच्या मोहिमांच्या हकिकती आवडीने ऐकत असे. आमच्या मंडळात एक सेवानिवृत्त तहसीलदार आहेत. ते एवढेच म्हणाले, ‘रोटी चालते, बेटी चालत नाही.’ ही तुलना फार ताणू नये, कारण व्हेनिसमधला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा माणूस, हा भाड्याने आणलेला परका सेनापती आहे, त्याच्या पाठीशी ना जात आहे ना गाव, आणि त्याच्या कातडीच्या रंगाबरोबर धर्मांतराची आणि गुलामगिरीची एक सबंध पूर्वकथा आहे. तरीही ब्रॅबॅन्शिओचे घर मराठी वाचकाला ओळखावे लागत नाही. पुढे सायप्रसमध्ये, त्या फिर्यादीच्या वेळी हसतमुखाने उभा असलेला ऑथेल्लो स्वतःच्याच तोंडाने म्हणतो, की निसर्गही कधी कधी स्वतःची वाट चुकतो. इयागो ते वाक्य पूर्णही होऊ देत नाही. ‘हाच तर मुद्दा आहे’ म्हणत तो त्यावर झडप घालतो आणि स्वतःच्या देशाचे, वर्णाचे, पायरीचे नवरे नाकारणाऱ्या मुलीच्या मनात काय असेल, हे सुचवू लागतो. सासऱ्याचा आरोप जावयाच्या तोंडी येतो, आणि मधल्या काळात तो तेथे कोणी पोहोचवला हे त्या जावयाला कळतही नाही. थोड्या वेळाने ऑथेल्लो आणखी एक कारण काढतो, की मी काळा आहे म्हणून असेल कदाचित. मत्सर हा शब्द येथे अपुरा पडतो. इयागो कॅसिओला पाण्यात पाहतो, तो मत्सर. ऑथेल्लोला जडतो तो संशय, आणि तो बायकोपेक्षाही आधी स्वतःच्या लायकीबद्दलचा आहे. माझ्या जुन्या गाईडाने या दोन्हींची एकच मोट बांधली होती.

ऑथेल्लो हे नाव पहिल्या प्रवेशात कोणाच्याही तोंडी येत नाही, हेही मी या वेळीच पाहिले. ‘तो मूर’, ‘जाड ओठांचा’, आणि गोऱ्या मेंढीवर चढलेला काळा एडका अशा विशेषणांनीच त्याची ओळख होते. संवादात त्याचे नाव प्रथम उच्चारतो तो व्हेनिसचा ड्यूक, आणि तोही तुर्कांविरुद्ध त्याची गरज असते तेव्हा.

संहितेविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण हॉनिगमन यांची खरी मर्दुमकी तेथे आहे. हे नाटक १ नोव्हेंबर १६०४ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. परंतु ते छापले गेले शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२२ साली क्वार्टो म्हणजे चौपेजी आकारात सुटे, आणि १६२३ साली फोलिओ या मोठ्या संग्रहात. या दोन प्रती एकसारख्या नाहीत. फोलिओत सुमारे १६० ओळी अशा आहेत, की ज्या क्वार्टोत सापडत नाहीत. उलट क्वार्टोतल्या पन्नासच्या आसपास शपथा फोलिओत गाळल्या किंवा सौम्य केल्या आहेत, कारण १६०६च्या कायद्याने रंगमंचावर देवाच्या नावाने शपथा घेण्यास बंदी घातली होती. गळलेल्या-वाढलेल्या ओळी किरकोळ असत्या तर हा विषय पंडितांवर सोपवून पुढे जाता आले असते. पण डेस्डिमोनाचे विलो वृक्षाचे गाणे क्वार्टोत नाही, आणि बायका घसरल्या तर दोष त्यांच्या नवऱ्यांचा, बायकांनाही नवऱ्यांसारखीच जाण असते, अशी इयागोच्या बायकोची, एमिलियाची, जी कणखर ओळन्‌ओळ आज आपल्याला या नाटकाचा आत्मा वाटते, तीही क्वार्टोत नाही. त्या ओळी मागाहून लिहिल्या की प्रयोगाच्या सोयीसाठी कापल्या, यावर वाद आहे. हॉनिगमन यांनी परिशिष्टात हा वाद मांडला आहे आणि नाटकाचा काळही रूढ समजुतीपेक्षा मागे, १६०१-०२ पर्यंत, नेला आहे. हे परिशिष्ट रात्री जेवणानंतर वाचण्याजोगे नाही. मी ते तीन वेळा सुरू केले, तेव्हा कुठे एकदा संपले.

मात्र पाठभेदांच्या त्या चिंचोळ्या पट्टीने आमची एक सबंध सकाळ खाल्ली, आणि ती सकाळ मला सर्वांत अधिक आठवते. मरण्यापूर्वीच्या भाषणात ऑथेल्लो स्वतःची तुलना एका अशा माणसाशी करतो, की ज्याने आपल्या सबंध जमातीहून मोलाचा मोती फेकून दिला. क्वार्टोत तो माणूस ‘इंडियन’ आहे, फोलिओत ‘ज्युडियन’. जुन्या छपाईत ‘आय’ आणि ‘जे’ या अक्षरांत भेद नसे, आणि ‘एन’ व ‘यू’ हे खिळे सहज उलटे पडत, त्यामुळे एकातून दुसरा शब्द जन्मणे अवघड नाही. ‘इंडियन’ घेतले तर ज्याला मोत्याची किंमतच ठाऊक नव्हती असा अडाणी माणूस समोर येतो. ‘ज्युडियन’ घेतले तर येशूला विकणारा जुडास किंवा संशयाने बायकोला मारणारा हेरोद राजा, म्हणजे किंमत ठाऊक असूनही घात करणारा माणूस. अज्ञान की विश्वासघात, एवढा मोठा प्रश्न एका खिळ्यावर लटकलेला आहे. संपादकाला संहितेत कोणता तरी एकच शब्द छापावा लागतो. दुसरा शब्द वाचकाला तळाशी दिसत राहावा, यासाठीच अशी आवृत्ती घ्यायची असते. शिवाय तो ‘इंडियन’ आपल्याकडचा की अमेरिकेतला, यावरही मतभेद आहेत, आणि आमच्या बैठकीत त्यावरून जो गलका झाला तो छापण्याजोगा नाही.

आता प्रस्तावनेकडे वळतो. थॉम्पसन यांनी वंश, धर्म आणि स्त्री-पुरुषभाव या तीन प्रश्नांना मध्यभागी आणले आहे आणि नाटकाच्या प्रयोगांचा व अलीकडच्या रूपांतरांचा सविस्तर विचार केला आहे. या बदलाचे वजन कळण्यासाठी याच मालेचा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. १९५८ साली आर्डनच्या दुसऱ्या मालेत एम. आर. रिडली यांनी ‘ऑथेल्लो’ संपादित केला होता, तो क्वार्टोला आधार मानून. नायक काळा आहे हे ते मान्य करतात. पण काळा असला म्हणजे त्याचा चेहरामोहरा ‘निग्रो’ धर्तीचाच असेल असे नाही, अशी समजूत ते वाचकाला प्रस्तावनेत घालू पाहतात, आणि त्याबद्दल पुढच्या समीक्षकांनी त्यांना यथास्थित धारेवर धरले. त्यांच्याही आधी कोलरिजने, एका सुंदर व्हेनिशियन मुलीने खऱ्याखुऱ्या निग्रोच्या प्रेमात पडावे ही कल्पनाच राक्षसी आहे, असे मत दिले होते. ब्रॅबॅन्शिओचेही हेच म्हणणे होते. पूर्वग्रह हा नाटकाचा विषय आहे असे आपण शिकवतो, पण तो नाटकाखालच्या टीपांतही पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, हे या मालेच्या आवृत्त्या ओळीने ठेवल्या की दिसते.

प्रयोगांच्या इतिहासातले टप्पे या अभ्यासाला फार उपयोगी पडतात, आणि ते हाताशी ठेवूनच ही प्रस्तावना वाचावी. आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने १८३३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ही भूमिका केली. पॉल रोबसनने ती १९३० साली लंडनमध्ये आणि १९४३ साली ब्रॉडवेवर केली. ब्रॉडवेवर तिचे २९६ प्रयोग झाले. तरीही १९६४ साली लॉरेन्स ऑलिव्हिएने अंगाला काळा रंग फासून ती केली, आणि त्या काळी त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. ह्यू क्वार्शी या घानामध्ये जन्मलेल्या ब्रिटिश नटाने तर नव्वदच्या दशकात उलट प्रश्न विचारला, की काळ्या नटाने जी भूमिका मुळीच करू नये अशी एखादी असेल, तर ती हीच नव्हे काय, कारण ती करताना काळा माणूस मुळातच भडक डोक्याचा असतो या समजुतीला तो स्वतःच पुष्टी देतो. २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यांनी ती केली, तेव्हा समोरचा इयागोही काळा होता, लूशन मसामाटी. वंशद्वेष हेच इयागोचे इंधन आहे असे मानणाऱ्यांना त्या एका पात्रयोजनेने फेरविचार करायला लावला. ज्याला मूर म्हणजे नेमका कोण हा प्रश्न पडतो, त्याने बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहातले, १६०० साली मोरोक्कोहून एलिझाबेथ राणीच्या दरबारी आलेल्या राजदूताचे चित्र अवश्य पाहावे. पांढरा फेटा, काळा झगा, कमरेला तलवार आणि रोखलेली नजर. ऑथेल्लो म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आता हाच चेहरा येतो.

एवढे कौतुक करूनही दोन गोष्टी खटकल्या. एक, नवी प्रस्तावना आणि जुन्या टीपा यांच्यात शिवण दिसते. प्रस्तावना वाचून जो प्रश्न मनात घेऊन वाचक संहितेकडे येतो, त्याची दखल तळटीप अनेकदा घेत नाही, कारण ती नव्या प्रस्तावनेच्या सुमारे वीस वर्षे आधी वेगळ्या काळजीपोटी लिहिलेली आहे. ती शब्दाचा उगम सांगते, बायबलमधला संदर्भ देते आणि थांबते. दुसरी, हॉनिगमन यांची जुनी प्रस्तावना संपूर्ण काढून टाकल्याने पात्रांचा जो शांत, जवळून केलेला विचार तिच्यात होता, तो गेला. पदवी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला इयागोचा स्वभाव, डेस्डिमोनाचे धैर्य, रुमालाचे महत्त्व अशा प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात, आणि त्याला नव्या प्रस्तावनेतून ती सरळ उचलता येणार नाहीत. हा दोषच आहे असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

रुमालावरून आठवले. ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेला हा रुमालच इयागो तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतो. १६९३ साली टॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने या नाटकाची, एका रुमालासाठी केवढा हा गोंधळ, अशी टर उडवली होती. टीपांसह वाचले की त्या रुमालाची दोन कुळे दिसतात. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो सांगतो, की तो एका इजिप्शियन स्त्रीने माझ्या आईला दिला, त्यात जादू आहे. शेवटच्या प्रवेशात तोच म्हणतो, की तो माझ्या वडिलांनी आईला दिला होता. पहिली कथा बायकोला धाक घालण्यासाठी रचलेली होती की दुसरी पंचांसमोर सभ्य दिसण्यासाठी, हे नाटक सांगत नाही. ज्याने आपल्या गोष्टींवर एका मुलीला जिंकले, त्याच्या गोष्टी येथे एकमेकींशी जुळेनाशा होतात.

मराठी वाचकाला या पुस्तकाला स्वतःची पुरवणी जोडावी लागेल. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याचा ‘झुंझारराव’ केला आणि डेस्डिमोनाची कमळजा झाली; पुढे शिरवाडकरांनीही हे नाटक मराठीत उतरवले. आम्ही प्रत्येक प्रवेशानंतर हाती लागेल तो मराठी अनुवाद बाजूला ठेवून पाहत असू, आणि इंग्रजी टीपेने न उलगडलेली एखादी ओळ मराठी वाक्याच्या वळणाने चटकन उलगडल्याचा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा आला.

ज्याला केवळ परीक्षा द्यायची आहे त्याने ही आवृत्ती ग्रंथालयातून आणून वापरावी. ज्याला नाटकाशी पुन्हा पुन्हा गाठ घ्यायची आहे, शिकवायचे आहे किंवा बसवायचे आहे, त्याने ती विकत घ्यावी, आणि छापीलच घ्यावी, कारण संहिता, टीप आणि पाठभेद एकाच पानावर एकाच नजरेत दिसणे हीच तिची मुख्य सोय आहे. डोळ्यांना त्रास असेल तर भिंग जवळ ठेवावे. १९९७ची प्रत ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी ती रद्दीत घालू नये. माझ्याकडे चुकून आलेली प्रत सध्या मंडळातल्या त्या तहसीलदारांकडे आहे, आणि जुनी प्रस्तावना वाचून ते दर रविवारी नवीशी भांडायला येतात.